हँबुर्गचे बोर्नप्लात्स सिनेगॉग: पाडकाम, स्मारक आणि जागेचा परतावा

हे प्रकरण हँबुर्ग शहराच्या ग्रिंडेल भागातल्या एका भूखंडाचे आहे. 1906 मध्ये तिथे उत्तर जर्मनीतले सर्वांत मोठे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले. 1939 मध्ये ते पाडले गेले, 1988 मध्ये त्या जमिनीवर स्मारक झाले आणि 2023 मध्ये जमीन ज्यू समाजाला परत द्यायचे ठरले. नष्ट झालेल्या वास्तूची आठवण कशी राखावी, या प्रश्नाला जर्मनीतल्या वेगवेगळ्या शहरांनी जी उत्तरे शोधली, ती जवळजवळ सगळी या एकाच भूखंडापुढे पर्याय म्हणून आली. खासगी व्यक्तींची नावे घेतलेली नाहीत. सार्वजनिक नोंदीतली नावे मात्र तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

1860 च्या अखेरपर्यंत हँबुर्गच्या वेशी रात्री बंद होत. ते बंधन उठल्यावर वेशीबाहेरची वस्ती झपाट्याने वाढली आणि शतक संपेपर्यंत बरीच ज्यू कुटुंबे जुन्या शहरातून ग्रिंडेलमध्ये आली. त्यांचे आधीचे मुख्य सिनेगॉग, कोलहोफेनचे, 1859 चे होते. ते घरांच्या मागच्या अंगाला होते, रस्त्यावरून सहज दिसत नसे. बोर्नप्लात्सवर मात्र सिनेगॉग चारही बाजूंनी मोकळे, चौकात उभे राहिले. हँबुर्गमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते. वास्तुविशारद होते एर्न्स्ट फ्रीडहाइम आणि सेम्मी एंगेल. बांधकाम 1904 ते 1906 चालले आणि 13 सप्टेंबर 1906 रोजी उद्घाटन झाले. नव-रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय शैलीवर बेतलेली घडण, सुमारे 40 मीटर उंचीचा घुमट आणि आत 1200 जणांची बसण्याची सोय. शेजारी पाच वर्षांत तालमूद तोरा शाळेची नवी इमारत झाली. शाळा, प्रार्थना आणि बाजार, सगळे पायी जाण्याच्या अंतरावर आले. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी वाहन न वापरणाऱ्या सनातनी कुटुंबांसाठी ही मोठीच सोय होती.

एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी, कारण पुढच्या वादात ती पुन्हा येते. हँबुर्गचा ज्यू समाज एकजिनसी नव्हता. एका समाजसंस्थेच्या छत्राखाली वेगवेगळे उपासना-संघ होते. बोर्नप्लात्स सनातनी संघाचे. सुधारणावाद्यांचे मंदिर 1818 पासून होते, म्हणजे ज्यू धर्मातल्या सुधारणा चळवळीच्या उगमस्थानांपैकी हे एक शहर. त्यांची 1844 ची इमारत पोलश्ट्रासेवर होती आणि 1931 ची ओबरश्ट्रासेवर.

1933 मध्ये शहरात सुमारे 17,000 ज्यू होते. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री आणि त्यानंतरच्या दिवसांत, नात्सींनी घडवलेल्या ज्यूविरोधी हिंसाचारात, जर्मनी व ऑस्ट्रियात 1,400 हून अधिक सिनेगॉग आणि प्रार्थनागृहे फोडली किंवा जाळली गेली. बोर्नप्लात्सच्या खिडक्या फोडल्या, आतल्या सामानाची नासधूस झाली, आग लावली गेली.

पण इमारत तेव्हा पडली नाही. भिंती आणि घुमट उभे होते. 'त्या रात्री सिनेगॉग जळून गेले' असे सरसकट लिहिले जाते. ते या प्रकरणात चुकीचे आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. ही वास्तू संपवली ती कागदपत्रांनी. 12 नोव्हेंबर 1938 च्या सरकारी आदेशांनी झालेल्या नुकसानीची दुरुस्ती ज्यू मालकांवरच टाकली, त्यांचे विम्याचे दावे सरकारजमा केले आणि वर सगळ्या समाजावर एक अब्ज राइशमार्कचा दंड बसवला. अशा कोंडीत सापडलेल्या समाजसंस्थेला 1939 मध्ये भूखंड शहराला विकणे भाग पाडले गेले. त्याच वर्षी जुलैत पाडकाम सुरू झाले आणि त्याचा खर्च समाजसंस्थेच्याच माथी मारला. आग लावणारा जमाव काही तासांत पांगतो. विक्रीखत करायला मात्र कारकून लागतो, मोजणीदार लागतो, वकील लागतो, सहीचा अधिकारी लागतो. शहराच्या प्रशासनाने हे सगळे पुरवले.

पुढे युद्धकाळात या जागेत बहुमजली बाँबरोधक बंकर बांधला गेला. शहराचे शेवटचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) योझेफ कार्लेबाख यांना डिसेंबर 1941 मध्ये पत्नी आणि धाकट्या मुलांसह रिगाजवळच्या युंगफर्नहोफ छावणीत पाठवले गेले. 26 मार्च 1942 रोजी ते, त्यांची पत्नी आणि तीन मुली यांना बिकरनिएकीच्या जंगलात गोळ्या घालण्यात आल्या. एक मुलगा वाचला.

अडचण

1945 मध्ये हँबुर्गमध्ये ज्यू समाजसंस्था पुन्हा स्थापन झाली, ती मूठभर वाचलेल्यांची. जुन्या मालमत्तेचा वारस कोण, हा पहिला पेच. ब्रिटिश ताब्यातल्या भागात वारस नसलेल्या आणि सामुदायिक ज्यू मालमत्तेसाठी ज्यूइश ट्रस्ट कॉर्पोरेशन ही संस्था नेमली होती. तिचा दृष्टिकोन असा की, ज्यांच्यासाठी ही मालमत्ता होती ते मारले गेले किंवा देशोधडीला लागले. मग तिची किंमत जगभर विखुरलेल्या वाचलेल्यांच्या कामी यावी, शहरात उरलेल्या छोट्या गटापुरती राहू नये. स्थानिक समाजाला हे पटणे अवघड होते, पण युक्तिवाद पोकळ नव्हता. 1950 च्या दशकात शहराने या संस्थेशी पैशांची तडजोड केली आणि भूखंड शहराकडेच राहिला.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण इथे मिटले, आणि मिटले म्हणूनच पुढे दडपले गेले. तडजोडीनंतर ती शहराची रीतसर जमीन झाली. त्यामुळे शेजारच्या विद्यापीठाची वाहने तिथे लावायला कुणी हरकत घ्यायचे कारण उरले नाही. अनेक वर्षे ती जागा वाहनतळ होती. समाजाने 1960 मध्ये होहे वाइडे इथे नवे सिनेगॉग बांधले, आजही तेच वापरात आहे.

समोरचे पर्याय, पहिल्या वेळी

1980 च्या दशकात वाहनतळ हटवून स्मारक करायचे ठरले तेव्हा रूढ वाट होती दगडी खांबाची किंवा भिंतीवरच्या फलकाची. शिल्पकार मार्ग्रिट काल यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी पाडलेल्या इमारतीच्या छताची रेषाकृती खऱ्या मापात, एकास एक, जमिनीवर उतरवली. चौकभर राखाडी फरसबंदी, तिच्यात काळसर दगडांच्या पट्ट्या. कमानी जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे पट्ट्या छेदतात, आणि त्यांतून इमारतीचा विस्तार कळतो. नोव्हेंबर 1988 मध्ये, विध्वंसाला 50 वर्षे होताना, स्मारक खुले झाले. पुढच्या वर्षी चौकाला योझेफ कार्लेबाख यांचे नाव मिळाले.

या कामाची ताकद मापात आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले की किती मोठे काय नाहीसे झाले हे पायांना कळते. छायाचित्रातून ते कळत नाही. मर्यादाही त्याच निर्णयातून येते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून जमिनीवरची वक्र पट्टी तिरपी, आक्रसलेली दिसते. तीन-चार पट्ट्या एकत्र दिसल्याशिवाय कमान ओळखू येत नाही. पूर्ण आकृती वाचायची तर वरच्या मजल्याची खिडकी हवी. घाईने चौक ओलांडणाऱ्याला ती शोभेची फरशी वाटू शकते.

जमिनीवरच्या कुठल्याही स्मारकाला देखभालीचा एक ठरावीक धोका असतो, तो इथे सांगून ठेवतो. जड वाहन एकदा आत आले तरी बाजूचे दगड बसतात किंवा हलतात. जलवाहिनी वा केबलसाठी चर खणला आणि कंत्राटदाराने वर डांबर किंवा साधा दगड भरला, तर रेषा तिथेच तुटते, आणि एकदा तुटलेली रेषा कुणी विचारल्याशिवाय जोडली जात नाही. म्हणून प्रत्येक पट्टीची मोजणी, दगडाचा प्रकार, जाडी आणि खालच्या थराची नोंद रस्ते खात्याच्या नकाशावर असावी लागते. केवळ संस्कृती खात्याच्या फायलीत ती असून भागत नाही, कारण खणणारे लोक ती फाइल कधीच उघडत नाहीत.

प्रश्न पुन्हा का उघडला

9 ऑक्टोबर 2019 रोजी, योम किप्पुर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, हाले शहरातल्या सिनेगॉगवर सशस्त्र हल्ला झाला. आत पन्नासहून अधिक लोक होते. दार टिकले म्हणून ते वाचले. हल्लेखोराने बाहेर दोघांचा जीव घेतला. त्यानंतर हँबुर्गमध्ये बोर्नप्लात्सवर पुन्हा सिनेगॉग बांधण्याच्या मागणीला जोर आला. शेजारच्या जुन्या शाळेत 2007 पासून पुन्हा ज्यू मुले शिकत होती, त्यामुळे त्या चौकात ज्यू जीवन आधीच परतले होते.

फेब्रुवारी 2020 मध्ये हँबुर्गच्या विधानसभेने एकमताने पाठिंबा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होहे वाइडेच्या सिनेगॉगबाहेर एका ज्यू विद्यार्थ्याच्या डोक्यात फावडे घालण्यात आले. तो सुक्कोत या ज्यू सणाचा काळ होता. नोव्हेंबरमध्ये केंद्राने 65 दशलक्ष युरो मंजूर केले आणि शहरानेही तेवढ्याच रकमेची तयारी दाखवली. पाठिंब्याच्या मोहिमेला एक लाखाहून अधिक लोकांनी साथ दिली.

समोरचे पर्याय, दुसऱ्या वेळी

सुरुवातीच्या मांडणीचा कल 1906 च्या बाह्यरूपाकडे होता. विरोध झाला तो ज्यूद्वेष्ट्यांकडूनच नव्हे. इतिहासकार, त्यांत ज्यू आणि इस्रायली अभ्यासकही, जाहीरपणे विरोधात उभे राहिले. त्यांचे म्हणणे तीन पदरी होते. पहिले, हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली की पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला ती इमारत कायमच तिथे होती असे वाटेल, म्हणजे 1939 चे पाडकाम दृष्टीआड होईल. दुसरे, काल यांचे स्मारक त्याच भूखंडावर आहे, त्याच्या पायावरच नवी इमारत येणार. तिसरे, एका सनातनी वास्तूवर एवढा सार्वजनिक पैसा खर्च होत असताना पोलश्ट्रासेवरच्या सुधारणावादी मंदिराचे अवशेष दुर्लक्षित होते. बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या त्या मंदिराचे जे उरले होते ते मागच्या अंगणात पडून होते.

बाजूने बोलणाऱ्यांचे उत्तर थेट होते: रिकामी जागा ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना तिथे प्रार्थना करायची नाही. जी पोकळी नात्सींनी निर्माण केली ती जपण्याचे ओझे ज्यू समाजाने का वाहायचे?

दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, पण दोघींचे वजन सारखे आहे असे मला वाटत नाही. वापरणारा समाज जिवंत आहे, जागा त्याची होती आणि त्याला ती वापरायची आहे, हा मुद्दा स्मारकाच्या सौंदर्यशास्त्रापेक्षा जड आहे. पण त्यातून प्रतिकृतीचे समर्थन आपोआप होत नाही, आणि इथेच सुरुवातीची मांडणी कच्ची होती.

इतर शहरांचे अनुभव हाताशी होते. लाइपझिगने 2001 मध्ये महासिनेगॉगच्या जागी 140 काशाच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या. तिथे पोकळी हाच आशय आहे, पुन्हा बांधायचा प्रश्न नव्हता. ड्रेस्डेनमध्ये गॉटफ्रीड झेम्पर यांच्या 1840 च्या सिनेगॉगची प्रतिकृती न करता 2001 मध्ये पूर्ण समकालीन इमारत झाली. तिचे थर वर जाताना किंचित वळत जातात. जुन्या इमारतीचा दाविदाचा तारा एका अग्निशामकाने 1938 मध्ये लपवून वाचवला होता, तो तिथे पुन्हा बसवला. माइन्झने 2010 च्या नव्या सिनेगॉगसमोर जुन्याचे खांब उभे ठेवले. बर्लिनच्या फाझानेनश्ट्रासेवर 1959 च्या समाजगृहाला जुन्या सिनेगॉगचे प्रवेशद्वार जोडले आहे. म्हणजे प्रतिकृती आणि पोकळी यांच्यामध्ये बराच पल्ला होता. हँबुर्गमध्ये पहिले वर्षभर वाद मात्र दोन टोकांवरच अडकून पडला.

केलेली कार्यवाही

व्यवहार्यता-अभ्यास 2022 मध्ये सादर झाला. अशा अभ्यासाने नेमके काय ठरवायचे असते? किती लोक रोज येणार आणि सणाला किती, इमारत सीमेपासून किती आत घ्यावी लागेल, तपासणीची जागा आणि प्रवेश कुठे, शाळेशी जोड कशी, बंकर ठेवायचा की हटवायचा, जमिनीखाली काय उरले आहे. 1906 च्या 1200 आसनांची गरज आजच्या सुमारे अडीच हजार सदस्यांच्या समाजाला आहे का, हा प्रश्न इथे आकड्यांत येतो आणि प्रतिकृतीचा मोह इथेच ओसरू लागतो. जुने बाह्यरूप घेतले की आतली मापेही त्याच्यामागे फरफटत येतात. सनातनी प्रार्थनास्थळाबरोबर उदारमतवादी सिनेगॉगही त्याच संकुलात असावे, ही मागणी आराखड्यात आली. तिने तिसऱ्या आक्षेपाची निम्मी धार काढून घेतली.

सप्टेंबर 2023 मध्ये विधानसभेने भूखंड ज्यू समाजाला परत देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर पुरातत्त्व उत्खनन झाले, त्यात पायाचे आणि इमारतीचे अवशेष मिळाले. युद्धात बाँब पडलेल्या कुठल्याही जर्मन शहरात खणण्याआधी न फुटलेल्या बाँबची तपासणी करावी लागते. इथे तिच्याबरोबर आणखी एक काळजी होती. पाडकामाचा राडारोडा म्हणजे कचरा नव्हे, तो पुरावा आहे. म्युनिकमध्ये जून 1938 मध्ये पाडलेल्या मुख्य सिनेगॉगचे दगड 2023 मध्ये ईझार नदीतल्या बंधाऱ्याच्या भरावात सापडले. तोपर्यंत त्यांचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता.

निष्पत्ती

वास्तुस्पर्धेचा निकाल 2025 मध्ये लागला. लाइपझिगच्या शुल्झ उंड शुल्झ या कार्यालयाचा आराखडा पहिला आला. तो नव्या इमारतीचा आराखडा आहे, 1906 ची हुबेहूब प्रतिकृती नाही.

जमिनीचा परतावा हा या साऱ्यातला सर्वांत ठोस निकाल आहे असे माझे मत आहे. इमारतीवरून वाद होतील, होऊ द्यावेत. मालकी मात्र आता जिथे असायला हवी तिथे आहे, आणि चौकात काय उभे राहावे हे ठरवण्याचा पहिला हक्क मालकाकडे आला आहे.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा झाला. 2020 मध्ये आधी 'बांधू' असे ठरले, मग निधी, मग अभ्यास आणि शेवटी जमीन. जमीन आधी परत दिली असती तर साडेतीन वर्षे शहर, केंद्र, इतिहासकार आणि वृत्तपत्रे ज्या प्रश्नावर बोलत राहिली, तो आधी मालकाच्या घरात सुटला असता. शहराने परतावा हा बांधकामाचा एक टप्पा मानला. तो स्वतंत्र, बिनशर्त आणि पहिला असायला हवा होता. 1950 च्या दशकातल्या तडजोडीने कायदेशीर हिशेब पूर्ण झाला होता हे खरे, पण 1988 मध्ये स्मारक करतानाही परताव्याचा विचार करण्याची चांगली संधी होती. ती गेली.

स्मारकाचा प्रश्न पहिल्याच ठरावात लिहायला हवा होता. मार्ग्रिट काल 2009 मध्ये वारल्या. जर्मन कायद्याप्रमाणे त्यांच्या कलाकृतीवरचे हक्क मृत्यूनंतर 70 वर्षे, म्हणजे 2079 च्या अखेरपर्यंत, वारसांकडे राहतात. 2019 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले की, कलाकृती पूर्ण नष्ट करणे हेही कलाकाराच्या हिताला बाधक ठरू शकते आणि मालकाचे हित व कलाकाराचे हित यांचे वजन करून पाहावे लागते. म्हणजे 'जागा आमची, दगड काढतो' असे सरळ म्हणता येत नाही. अशा वेळी पहिल्या बैठकीआधीच करायचे काम असे: वारसांशी लेखी संपर्क, संपूर्ण चौकाचे वरून छायाचित्रण आणि त्रिमितीय मोजणी, प्रत्येक पट्टीतल्या दगडांना क्रमांक, आणि काढलेले दगड कुठे, कोणाच्या ताब्यात, किती काळ राहतील याचा करार. हे झाले की नव्या इमारतीच्या फरशीत किंवा अंगणात त्या रेषा पुढे नेण्याचा पर्याय खुला राहतो. दगड एकदा गोण्यांत भरून गोदामात गेले की तो संपतो.

पोलश्ट्रासेच्या अवशेषांची डागडुजी बोर्नप्लात्सच्या निधीबरोबरच, त्याच ठरावात जाहीर करायला हवी होती. वेगळ्या वेळी आली की ती भरपाईसारखी वाटते.

आणि चालवण्याचा खर्च. 130 दशलक्ष युरो बांधकामासाठी आहेत. दरवर्षीची उष्णता, वीज, स्वच्छता, सुरक्षारक्षक, काचा आणि दारांची देखभाल हे कुणाच्या अंदाजपत्रकात बसणार, हे इमारतीचा पाया घालण्याआधी कागदावर यायला हवे. हालेनंतर जर्मनीत सिनेगॉगच्या दाराचा खर्च ही समाजसंस्थेची खासगी बाब राहिलेली नाही. बोर्नप्लात्सला शहर आणि केंद्र यांनी सुरक्षेचा वार्षिक खर्च किमान वीस वर्षांसाठी करारात बांधून द्यावा. समाजाच्या सदस्य-वर्गणीतून तो निघणार नाही.